दोन मामा एका फोटोत आणिले त्याची बखर

॥ श्री ॥

ज्याच्या उजेडावाचोन कोणाचे मुख कोणास दिसत नाही त्या सूर्यनारायणास आधी नमन. मग जे सर्वांस पुढे उभे करविती आणि आपण कोणत्याही फोटोत कधी दिसत नाहीत त्या समस्त फोटोवाल्या मंडळीस नमन. आणि मग शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध दशमी, भृगुवासर म्हणजे शुक्रवार, ते दिवशी नदीकाठच्या एका राज्यात जी मोहीम जाहली तिची ही हकीगत. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी मानी. नावे लिहू गेल्यास कोणाचे आधी लिहिले यावरोन नवा कलह उभा राहील.

त्या राज्यात मातोश्री अनसूयाबाईसाहेब म्हणोन होत्या. वय थकले, दात गेले, परंतु कान आणि जीभ शाबूत. त्यांस अपत्ये तीन; थोरले हणमंतराव, धाकटे धोंडीराम, आणि दोहोंच्या मधली कन्या मथुराबाई. हे दोघे बंधू एका ताटात जेवोन वाढलेले, एका सायकलीवर शाळेस गेलेले, आणि एकास ठेच लागली तर दुसऱ्याचे डोळ्यांस पाणी यावे ऐसा लोभ. परंतु थोरल्यांचे पुत्राचे लग्न निघाले, पत्रिका छापिली, आणि पत्रिकेत ‘आपले विनीत’ म्हणोन जी नामावळी असते तीत धाकट्यांचे नाव चुलत्याच्या पोरांचे खाली पडले. थोरले म्हणाले, छापखान्याची चूक, त्यात एवढे काय. धाकटे म्हणाले, एवढे काय ऐसे म्हणता हीच मोठी चूक. मग धाकटे त्या लग्नास गेले नाहीत, मग थोरले धाकट्यांचे वास्तुशांतीस गेले नाहीत, मग शेताची वाट वेगळी, देवळातील आरतीची वेळ वेगळी, सलूनवाला वेगळा, आणि दोघे बोलेनासे जाहले त्यास बहुत वर्षे लोटली. जमिनीची वाटणी जाहली, भांड्यांची जाहली, मातोश्रींची करिता येईना. सबब सहा महिने त्यांनी थोरल्यांकडे राहावे आणि सहा महिने धाकट्यांकडे, ऐसी वहिवाट पडली. संवत्सरास क्रोधी हे नाव या दोघांस पाहोनच ठेविले असावे ऐसे गावचे लोक म्हणत, आणि दोघांस ऐकू जाईल ऐसे म्हणत.

ऐशात मथुराबाईंचे कन्येचे लग्न ठरले. भाचीचे लग्नास मामा नाही हे त्या राज्यात चालत नाही, म्हणोन दोन्ही मामांस येणे प्राप्त जाहले. मथुराबाई शहाण्या, त्यांनी पत्रिकेत दोघांची नावे एका ओळीत, एकाच मापाचे अक्षरात छापविली, आणि कोणाचे डावे अंगास ते चिठ्ठी टाकोन ठरविले. आणि फोटोचे काम वैजयंताबाई फुलारी यांस सांगितले. या बाई तालुक्याचे गावच्या. सासऱ्यांचा जुना स्टुडिओ, तेथे पासपोर्टाचे फोटो काढता काढता हात बसला आणि मग लग्ने घेऊ लागल्या. आरंभी लोक म्हणाले की बाईमाणूस गर्दीत शिरोन काय फोटो काढणार. मग त्या शिरल्या, आणि तेव्हांपासोन त्यांचे वाटेत जो उभा राहील त्याचीच फजिती होऊ लागली. त्यांचे यजमान मुकिंदराव हे दिव्यांचे स्टँड, उजेडाच्या छत्र्या, पिशव्या आणि व्हिडिओ सांभाळीत. माणूस गरीब, देह भक्कम, बोलणे थोडके. बाईंचे हुकमाबरहुकूम चालण्यात त्यांस कमीपणा वाटत नसे, उलट चारचौघांत म्हणत की आमच्याकडे डोळा तिचा आणि खांदा माझा.

वैजयंताबाईंची रीत ऐशी की, मुहूर्ताचे आदले दिवशी मंगल कार्यालयी जावोन मुलूख पाहावा. तैशाच त्या हळदीचे दिवशी दुपारीच दाखल जाहल्या आणि कॅमेरा न काढितां नुसत्या हिंडल्या. मांडवाचे कापड गुलाबी, त्याखाली उभे राहिलेले मनुष्य बीट खाऊन आल्यासारखे दिसते, म्हणोन डेकोरेशनवाल्याशी हुज्जत घालोन स्टेजवरी पांढरे कापड ताणविले. मग ऊन कोणते वेळी कोणत्या खिडकीतोन येते ते पाहिले, आणि पश्चिमेकडील दगडी पायऱ्यांवर सांजेचे ऊन फार गोड पडते हे मनात टिपोन ठेविले. मग भटजीबोवांची भेट घेतली, आणि ऐसा तह केला की मंगलाष्टके संपतांच अंतरपाट खाली टाकावयाचा नाही, एका अंगास ओढोन घ्यावयाचा, म्हणजे वधूवरांची पहिली नजर कापडात गुंतणार नाही. भटजीबोवा म्हणाले की शास्त्रात ऐसे कोठे नाही. बाई म्हणाल्या की शास्त्रात तैसे नको ऐसेही कोठे नाही. बोवांनी हसोन मान डोलाविली.

मग हळदीचे गडबडीत मातोश्रींनी बाईंस आपले खोलीत बोलाविले. मातोश्री लोखंडी पलंगावर बसोन लहानशा खलबत्त्यात पान कुटीत होत्या. बाईंस जवळ बसविले, पाठीवरी हात फिरविला, आणि आधी माहेर कोठले, मुले किती, सासू कशी, हे सर्व विचारोन घेतले. मग म्हणाल्या, “पोरी, मी मेल्यावर माझा फोटो भिंतीला लागंल. दोन घरं हायती, दोनदा लागंल. दोन्हीकडं मी एकलीच. मला माझी दोन्ही पोरं शेजारी पायजेत. येका फोटूत. तेवढं करून दे.” दोन्ही मामांचा कलह त्यांचे कानी आलाच होता. मथुराबाई दाराशी उभ्या होत्या त्यांनी डोळ्यांस पदर लाविला. मग मातोश्रींनी पानांची चंची सोडिली, आपले हाताने एक पान लाविले आणि पुढे केले. पूर्वी मोठमोठे सरदार भरल्या दरबारी पैजेचा विडा उचलीत तेव्हां त्यांचे पाठीशी फौजा असत. येथे बाईंचे पाठीशी एक नवरा आणि दोन छत्र्या. तरी बाईंनी विडा उचलिला आणि मुखात घातला. बाहेर येवोन मुकिंदरावांस सांगितले तेव्हां ते इतकेच म्हणाले की चुना जास्त जाहला काय, चेहरा कसानुसा दिसतो.

दुसरे दिवशी माध्यान्हीचा मुहूर्त. सकाळीच बाईंनी मोर्चे बांधिले. जादा बॅटरी वधूपक्षाचे खोलीत चार्जिंगास लाविली, एक कॅमेरा गळ्यात, एक कमरेस, पायात खेळाडूचे बूट, आणि साडी ऐसी खोचली की पळता यावे. मग जे रण माजले त्याचे वर्णन काय करावे. वराचे मित्र काळे चष्मे लावोन आले, आणि कोणी उडी मारितांना, कोणी हवेत बोट दाखवितांना, कोणी जीपचे टपावर, ऐसे फोटो मागू लागले. बाईंनी तेही काढिले, कारण त्या वयात मनुष्यास आपण फार देखणे आहोत ऐसे वाटते आणि ते मोडू नये. मग मंगलाष्टके सुरू जाहली. वधूचे पाठीशी मामा म्हणोन थोरले हणमंतराव उभे राहिले, आणि धाकटे धोंडीराम पार दूर मांडवाचे खांबास टेकोन अक्षता टाकीत राहिले. तितक्यात मोबाईलवाल्यांची झुंड उठली. घरात ज्यास कोणी विचारीत नाही तोही त्या समयी मोबाईल उंचावोन पुढे घुसतो. परंतु मुकिंदरावांनी दिव्याचा स्टँड आडवा धरोन ऐसी खिंड लढविली की एक मनुष्य पलीकडे जावो शकला नाही, आणि अंतरपाट एका अंगास सरतांच वधूवरांची नजर मिळाली, ती बाईंनी बरोबर टिपिली. वधू हसली नाही, लाजली नाही, सुटकेचा श्वास टाकिला. आणि तो श्वास फोटोत आला.

मग हार घालण्याचे समयी कोणाचा हात मधे आला, तेव्हां बाईंनी हार काढविला आणि पुन्हा घालविला. भटजीबोवांचा मंत्र चालला होता तो थांबला आणि बाईंनी मान हलविल्यावर पुन्हा सुरू जाहला. पाहुण्यांत एक फौजदारसाहेब आले होते, ज्यांचे नुसते जीपचे आवाजाने बाजारपेठ गप्प होते. त्यांसही बाईंनी हनुवटीस दोन बोटे लावोन मान वर केली, आणि पोट आत घ्या ऐसे सांगितले. साहेबांनी पोट आत घेतले आणि बाई घ्या म्हणेपर्यंत श्वास घेतला नाही. लग्नात राज्य कोणाचे ऐसे कोणी पुसेल तर वराचे म्हणावे, तर तो बिचारा मुंडावळ्या सावरीत बसलेला. वधूपित्याचे म्हणावे, तर तो आचाऱ्याचे पाठी धावणारा. राज्य फोटोवालीचे. उभे राहा म्हटले की लोक उभे राहतात, सरका म्हटले की सरकतात, आणि का म्हणोन कोणी विचारीत नाही.

परंतु ज्या कामाचा विडा उचलिला ते काही होईना. स्टेजवर आहेराची रांग लागली. थोरले मामा वर चढले की धाकटे मामा जेवणघराकडे वळत, आणि धाकटे वर आले की थोरल्यांस मठ्ठ्याची तहान लागे. दोघे एकमेकांकडे पाहत नसत, परंतु दुसरा कोठे आहे हे दोघांस अचूक ठाऊक असे. तेव्हां बाईंनी मुकिंदरावांस वकील म्हणोन धाडिले. धाकट्यांनी उत्तर केले की पंगत वाढा म्हणाल तर वाढतो, उष्टी उचला म्हणाल तर उचलतो, तेवढे सोडोन बोला. मग मुकिंदराव थोरल्यांकडे गेले. थोरले म्हणाले की मी कोणास अडविले आहे, ज्यास यावयाचे त्याने यावे. आणि ऐसे बोलोन आपली खुर्ची फिरवोन बसले, की येणाराचे तोंड दिसू नये. त्यात खबर आली की मातोश्रींचे थोरल्यांकडील सहा महिने आजच भरतात, धाकटे त्यांस येथोनच आपले घरी नेणार, आणि त्यांनी ड्रायव्हरास जीप दाराशी लावावयास सांगितली आहे. ऊनही उतरू लागले. बाई स्टेजमागे सामानाचे पेटीवर बसल्या. म्हाताऱ्या माणसाचे हातचे पान खाल्ले आणि आता तिचे तोंड कैसे पाहावे, या विचाराने त्यांस रडू आले. मुकिंदरावांनी पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पितां पितां बाईंचे मनात आले की आपण सकाळपासोन दोन माणसांस जवळ आणू पाहतो आहो, हे आपले कामच नव्हे. माणसे जवळ आणणे नातलगांचे काम, आणि ते नातलगांसही साधले नाही. आपले काम ते रोजचेच. मोठा जमाव उभा करावा, मग जावई बाजूला, मग मुले बाजूला, मग फक्त घरचे, मग फक्त भावंडे, ऐसे एकेक मनुष्य काढीत जावे. मधली माणसे काढिली की जी उरतात ती शेजारी शेजारीच उरतात. ऐसे ध्यानी येतांच बाई उठल्या, तोंड धुतले, मथुराबाईंस एकीकडे नेवोन कानात मसलत सांगितली, आणि सर्व कार्यालयात पुकारा केला की पाठवणीपूर्वी मातोश्रींचे समग्र कुळाचा एक फोटो पश्चिमेचे पायऱ्यांवर होईल, आणि जो येणार नाही तो जन्मभर अल्बमात दिसणार नाही.

हे ऐकोन सर्व कुळ लोटले. मातोश्री मधोमध खुर्चीवर बसल्या. पाच पंचवीस माणसे मधे असतील तर कलहास बाध येत नाही ऐसे दोन्ही मामांस वाटले, म्हणोन थोरले उजवे टोकास आपले परिवारासह आणि धाकटे डावे टोकास आपले परिवारासह उभे राहिले. बाई टेबलावर चढल्या, कॅमेरा डोळ्यास लाविला, आणि आज्ञा सुटू लागल्या. उंच माणसे मागे, मुले खाली मांडी घालोन, कडेची माणसे तुटतात, आत सरका. सर्व कुळ आत सरकले. एक फोटो जाहला. मग म्हणाल्या की वधूवर मोकळे, त्यांनी निघण्याची तयारी करावी. मधे जागा पडली, आत सरका. मग व्याही मंडळींस आइस्क्रीम दिले आहे की नाही ते पाहावयास धाडिले, आत सरका. मग जावई गेले, त्यांस जावयास निमित्तच हवे होते. मग सुना ओटीचे तयारीस गेल्या, मग मुले सुटली ती आइस्क्रीमकडे धावली; आणि प्रत्येक वेळी बाई म्हणत की मामा तेवढे थांबा, मामांचा मान आहे. मान म्हटल्यावर त्या राज्यात कोणी पाय काढीत नाही. दोन्ही मामा छाती पुढे काढोन, कॅमेराकडे पाहत, एकेक पाऊल आत सरकत राहिले, आणि आपले शेजारचे मनुष्य कोण गेले कोण राहिले याचे भान दोघांस राहिले नाही. शेवटी मातोश्रींचे मागे मथुराबाई तेवढ्या उरल्या, एका अंगास थोरले आणि दुसऱ्या अंगास धाकटे. तेव्हां मथुराबाई म्हणाल्या की मी जरा पोरीचे बघते, आणि मागल्या मागे निघोन गेल्या.

मग वारा लागावा तैसे दोघांस कळले की मधे आईवाचोन कोणी नाही. थोरल्यांनी पायरी उतरावयास पाऊल उचलिले. त्याच क्षणी बाई टेबलावरोन कडक आवाजात म्हणाल्या, “मामा, हलू नका. अजिबात हलायचं नाही.” उचललेले पाऊल थोरल्यांनी जागचे जागी ठेविले. फौजदाराने पोट आत घेतले त्या राज्यात मामांची काय कथा. आणि बाईंनी बटण दाबिले, तर कॅमेरा मुका. बॅटरी संपली होती; कमरेचा कॅमेरा तर दुपारीच निजला होता.

जादा बॅटरी चार्जिंगास लाविली होती ती दिवसभरात एकदाही जावोन पाहिली नव्हती. सर्वांस हुकूम करणाऱ्या बाई, आणि नवशिक्यांची चूक आपणच केली. मुकिंदरावांस डोळ्याने खूण केली, ते आपले भारी देहासह धावले. खोलीत जावोन पाहतात तो कोणी पाहुण्याने चार्जरची पिन उपटोन तेथे आपला मोबाईल लाविलेला. बॅटरीत काय थोडका जीव भरला होता तो भरला होता. तीच घेवोन ते पळत आले. तोवरी बाई टेबलावरोन सांगत राहिल्या की हलू नका, समोर पाहा, आता काढते. आणि ऊन पाठीमागील विटांचे भिंतीवरोन वर वर सरकू लागले, आणि दाराशी जीपचे ड्रायव्हराने एकदा हॉर्न दिला. दोघे बंधू पुतळ्यासारखे उभे. मान सरळ, नजर कॅमेराकडे, हात विजारीचे शिवणीस.

इतक्यात धाकटे, ओठ फारसे न हलवितां, समोर पाहतच बोलिले, “दादा, पाय सुजलाय तुझा.”

थोरले म्हणाले, “पुढं बघ. फोटू हलंल.”

मुकिंदरावांनी बॅटरी बाईंचे हाती दिली. बाईंनी ती बसविली, कॅमेरा सुरू केला, दिवा लागला. तिघे चौकटीत नेमके होते, ऊन तिघांच्या तोंडावर होते, आणि बोट बटणावर होते. बॅटरीचे चिन्ह लाल होवोन लुकलुकत होते. आता दाबिले तर पैज जिंकिली, न दाबिले तर पुढचे कोणास ठाऊक. परंतु बाईंनी दाबिले नाही. कारण थोरल्यांचे ओठ हलत होते.

“साखर वाढलीया,” थोरले समोर पाहत म्हणाले. “गोळी चालू हाय.”

“कुणाची? गावातल्याची? त्यानं काय हुतंय. तालुक्याला दावू. मी गाडी घिऊन येतो.”

मग थोरले बोलिले ते निराळेच बोलिले. “पाळी बदलायच्या दिवशी आईला एश्टी स्टँडवरच्या बाकड्यावर बसवून जायचो मी. तू येनार म्हाईत असायचं. तरीबी वळून बघायचो न्हाई. बघवायचं न्हाई.”

धाकटे म्हणाले, “मी उसाच्या गुऱ्हाळामागं हुभा असायचो. तू गेलास की मग यायचो. तुझी पाठ दिसंनाशी हुईस्तवर हुभा असायचो.”

खाली खुर्चीवर मातोश्री समोर पाहत होत्या, त्यांस कोणी हलू नका ऐसे सांगितले नव्हते तरी त्या हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मला तुमी दोघंबी दिसायचासा. बाकड्यावरनं.”

मग थोरल्यांची मान हलली. धाकट्यांचीही हलली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मातोश्रींनी दोन्ही हात वर करोन, न पाहताच, एकाचा डावा आणि एकाचा उजवा हात बरोबर धरिला. थोरले रडत होते, तोंड वेडेवाकडे जाहले होते. धाकटे रडत होते आणि हसत होते. मातोश्रींनी डोळे मिटले होते. फोटोवाल्यांच्या नियमाने याहून वाईट फोटो नाही. कोणी समोर पाहत नाही, एकाचे डोळे मिटलेले, एकाचे नाक लाल. वैजयंताबाईंनी तोच टिपिला. एक टिपिला, दुसरा टिपिला, आणि बॅटरी गेली ती गेली. बाईंनी कॅमेरा खाली घेतला, पदराने डोळे पुसले, आणि टेबलावरोन म्हणाल्या, “झाला, मामा. आता हललात तरी चालंल.”

तेव्हां तिघांतील कोणीही हलले नाही.

ऊन भिंतीवरोनही निघोन गेले, ड्रायव्हराने आणखी दोनदा हॉर्न दिला, मथुराबाई लेकीचे पाठवणीचे रडे अर्धवट टाकोन दारात येवोन उभ्या राहिल्या, आणि तरी ते तिघे तैसेच. मग पाठवणी जाहली, मांडव रिता जाहला, आणि वैजयंताबाई व मुकिंदराव जेवावयास गेले तो पंगती उठोन गेल्या होत्या. आचारी म्हणाला की भात तेवढा उरला आहे. इतक्यात थोरले मामा आत आले, त्यांनी दोघांस पाटावर बसविले. आणि धाकटे मामा स्वतः कढई धुंडाळोन जिलब्या घेवोन आले. मग थोरल्यांनी एक वाढिली, धाकट्यांनी दोन वाढिल्या, थोरल्यांनी म्हटले की तीन घ्या, धाकट्यांनी म्हटले की चार घेतल्यावाचोन उठावयाचे नाही, आणि आग्रहावरोन दोघा बंधूंची बहुत वर्षांनी पहिली तंटाबाजी जाहली, तीत दोघे बंधू जिंकले आणि मुकिंदरावांचे पोट हरले. मग मातोश्रींस जीपमध्ये बसविले, आणि पोहोचवावयास म्हणोन थोरलेही चढले. धाकट्यांनी त्यांस पुढे ड्रायव्हराजवळ ऐसपैस बसा म्हणोन सांगितले. थोरले म्हणाले की मागेच बरे, आणि आईचे दुसरे अंगास बसले. ते त्या दिवशी माघारी आले नाहीत.

सारांश, शके मजकुरी त्या राज्यात एकही मनुष्य न दुखवितां, कोणास बोल न लावितां, नुसत्या हलू नका एवढ्या हुकमावर मोहीम फत्ते जाहली, आणि कॅमेराबहाद्दर हा किताब लोकांनी आपण होवोन वैजयंताबाईंस लाविला. जैसे घडले तैसे लिहिले. यात काही उणे वाटल्यास वाचणाराने आपले घरचे न बोलणारे एक मनुष्य आठवावे, म्हणजे बखर पुरी होईल.